काकूची दीड भाकरी

देवळाली प्रवरा, ता. राहुरी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. रुचास,

सुमंतकाकाचे आशीर्वाद, आणि त्याखालोखाल तक्रार. नागपूरच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून लागून तुला तीन महिने झाले, पण घरी एक पत्र नाही. फोन करतेस, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुझी काकू तिच्या सोयीने सांगते. म्हणून यापुढे कामाचं बोलणं कागदावर.

काम असं आहे. मागच्या आठवड्यात गावात तपासणी शिबिर झालं. त्यात काकूची साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, खाण्यावर लक्ष ठेवा. ते हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. तुझी आत्या साखरेनेच गेली. आधी पायाचं बोट, मग डोळे, मग ती. तू लहान होतीस, मी उशाशी होतो. काकूच्या बाबतीत मला ते पुन्हा बघायचं नाही. तिच्यामागे राहायची माझी तयारी नाही, हे तुला म्हणून सांगतो.

तेव्हा आम्हा दोघांचा रोजचा आहार किती असावा ते नीट आकड्यांत लिहून पाठव. कारखान्याच्या टाइम ऑफिसात चौतीस वर्षं काढलेला माणूस आहे मी, 'थोडं कमी, थोडं जास्त' मला कळत नाही. माहिती खालीलप्रमाणे.

मी: वय ६७, उंची पाच फूट सात, वजन ७४ किलो. व्यवसाय शेती व दूध. (सातबारा आणि डेअरीचं कार्ड दोन्ही माझ्या नावावर आहे. निवृत्तीनंतर हौसेने गाई वाढवल्या, आता तीन आहेत आणि एक कालवड.)

सौ. काकू: वय ६१, उंची पाच फूट, वजन ५२ किलो. व्यवसाय काही नाही. घरीच असते.

काकू विचारते, पुरुषांना जास्त आणि बायकांना कमी असं सगळीकडे छापलेलं असतं, ते का? तेवढं तिला समजेल असं लिही. मलाही समजलं तर हरकत नाही.

तुझा,
सुमंतकाका


नागपूर
२६ नोव्हेंबर २०२४

ती. काका,

साष्टांग नमस्कार. दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरलीय, म्हणून तूर्त अर्धाच घालते.

काकूची साखर काठावर आहे, काठाच्या पलीकडे नाही. घाबरू नका. आत्याच्या वेळी कुणी वेळेवर बघितलंच नव्हतं. आपण बघतोय.

आता काकूचा प्रश्न. पुरुषाचं शरीर बहुतेक वेळा आकाराने मोठं असतं आणि त्यात स्नायू जास्त असतात. स्नायू नुसते पडून असले तरी खायला मागतात, चरबी फारसं मागत नाही. बाईच्या अंगात चरबीचा वाटा निसर्गानेच जास्त ठेवलाय, पोटात मूल वाढवावं लागतं म्हणून. त्यामुळे तुम्ही दोघं दिवसभर खाटेवर पडून राहिलात तरी काका, तुम्हालाच जास्त लागणार. मोठी चूल नुसती पेटती ठेवायलासुद्धा जास्त सरपण लागतं, तसं. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला साडेसोळाशेच्या आसपास उष्मांक पुरतात, तशाच पुरुषाला एकवीसशेच्या आसपास. अंगमेहनत आली की दोघांचेही आकडे चढतात.

तुम्ही शेतीचं, गाईंचं बघता, म्हणून तुम्हाला चोवीसशे धरलेत. काकू घरी असते, चण लहान, त्यात साखर, म्हणून तिला पंधराशे. म्हणजे दोन्ही वेळा तुम्हाला अडीच भाकरी, तिला दीड. वरण, उसळ, भाजी, ताक किती ते सोबतच्या तक्त्यात आहे. मधल्या वेळी काकूने काही खाऊ नये. तिला सांगा, अकरावी-बारावीची दोन वर्षं तिने मला 'अजून एक घे' म्हणत फुगवलं, त्याचा हा सूड आहे.

तुमची,
रुचा


देवळाली प्रवरा
२० डिसेंबर २०२४

चि. रुचास अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. अंमलबजावणी ताबडतोब सुरू केली. राहुरीहून वजनाचा काटा आणला. स्टीलची दोन नवी ताटं घेतली आणि त्यांवर नावं घालून घेतली: 'सुमंत २४००' आणि 'सरोजिनी १५००'. नाव घालणारा विचारतो, "काका, ह्यो गाडीचा नंबर हाय का?" म्हटलं, हो, दोन्ही गाड्या जुन्या आहेत, पण अजून चालतात.

आणखी एक सुधारणा केली, ती ऐकून तुला अभिमान वाटेल. आमच्या घरी आजवर मी जेवायचो, काकू वाढायची आणि मग स्वयंपाकघरात मागे जे राहील ते ती जेवायची. मोजमाप कसं राहणार? ते सगळं बंद केलं. आता दोन्ही ताटं मी स्वतः काट्यावर मोजून वाढतो आणि दोघं समोरासमोर बसून जेवतो. पहिल्या दिवशी ती ताटावरून चार वेळा उठली. मी दटावलं, "सरू, बस." आता बसते.

तिची एक सवय मोडावी लागली. सकाळी गोठ्यातून आली की उभ्या उभ्या चहात कालची भाकरी बुडवून खायची. तक्त्यात ती बसत नव्हती. मी सांगितलं, तिने एका शब्दावर सोडली.

गुण चांगला येतोय. साडेतीन किलो उतरली. पोलकी आत घ्यावी लागली. पूर्वी मालिका संपल्याशिवाय जागची हलायची नाही, आता साडेसातलाच पेंगते, म्हणजे झोपही सुधारली. तक्रार म्हणून नाही. ताट पुढे ठेवलं की हसते. माझं वजन मात्र दोन किलोंनी वाढलंय. काटा खराब असावा.

अहवाल समाप्त. तू जेवतेस ना वेळेवर?

तुझा,
सुमंतकाका


नागपूर
२ जानेवारी २०२५

ती. काका,

तुमचं पत्र सुट्टीवरून आल्यावर आज वाचलं, म्हणून उत्तराला उशीर झाला. ताटांची गंमत इथे सगळ्यांना वाचून दाखवली. मग पुढचं वाचलं आणि हसू थांबलं.

काका, महिनाभरात साडेतीन किलो हा गुण नव्हे. एवढ्याशा अंगाच्या बाईचे साडेतीन किलो. आणि संध्याकाळी साडेसातला पेंगते ती झोप सुधारली म्हणून नव्हे.

तुम्ही लिहिलंय, 'सकाळी गोठ्यातून आली की'. काकू गोठ्यात कशाला जाते? धारा राम काढतो ना? मी तुमच्याकडे होते तेव्हा गाय एकच होती आणि तिचं सगळं राम करायचा. आता तीन गाई म्हणजे राम आणि तुम्ही, असं मी धरून चालले होते. खरं काय आहे ते लिहा.

आणि उत्तराची वाट न बघता सकाळची भाकरी आजपासून चालू करा. फोन लागत नाहीये, म्हणून हे पत्र लगेच टाकते.

रुचा


देवळाली प्रवरा
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. रुचास,

फोनवर तू माझ्यावर ओरडलीस. तेवढं मात्र मला पहिल्यांदाच सगळंच्या सगळं ऐकू आलं.

तुझं पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशी काकू पडली. सकाळी गवताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येत होती, तिथेच बसली आणि कलंडली. शेजारच्या रंगुबाईने आधार देऊन घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, हाडाला काही लागलं नाही, आठ दिवस विश्रांती. रंगुबाईने मला अंगणात गाठून विचारलं, "काका, बाईंना जेवायला घालता का न्हाई? लई हलक्या लागल्या हाताला."

आता खरं लिहितो. राम जुलैमध्येच काम सोडून लेकीकडे गेला. तुला कळवलं नाही, कारण तू म्हणाली असतीस गाई विका, आणि गाई माझ्या हौसेच्या. दुसरा माणूस मिळेपर्यंत मी बघते असं काकू म्हणाली. ते 'मिळेपर्यंत' चालूच राहिलं. मी डेअरीच्या सभेला जातो, सातबारा काढून आणतो, गाईंची नावं ठेवतो. एवढंच माझं शेती आणि दूध.

तू फोनवर सांगितलंस, काकू दिवसभर काय करते ते वेळेसकट लिहून पाठवा. ती खाटेवर होती, म्हणून ती सांगेल तसं तिचं काम मीच केलं आणि जमेल तसं टिपलं. धारा रंगुबाईने काढल्या, कारण मी हात लावला की तांबू लाथ उगारते.

४.४० उठणे. शेण काढणे, नऊ पाट्या, उकिरड्यापर्यंत. गोठा धुणे.
५.१५ धारा.
६.१५ दुधाच्या दोन किटल्या घेऊन डेअरीत. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. काकू चालत जाते, म्हणून मीही चालत गेलो.
७.०० आल्यावर तिची चहा-भाकरी. (ही मी बंद केली होती.)
७.१५ गवत कापणे. दोन भारे डोक्यावरून आणणे. मला एकच जमला, तोही तीनदा टेकवून.
८.३० कुट्टी करणे, गाईंना टाकणे, पाणी पाजणे.
९.३० स्वयंपाक, भांडी, धुणं.

पुढचं लिहिलेलं नाही, कारण साडेदहाला मी पेन्सिल हातात धरून ओसरीवर झोपलो. जागा झालो तेव्हा पोटात अशी आग पडली होती की तशी भूक मला तरुणपणीही लागल्याचं आठवत नाही. उभ्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या, नुसत्या मिठाबरोबर. खाता खाता लक्षात आलं की हेच सगळं करून माझी बायको महिनाभर दीड भाकरीवर उठत होती, आणि मी समोर बसून अडीच खात होतो. दुपारी धारा पुन्हा असतात, गोठा पुन्हा असतो.

चौतीस वर्षं मी हजार-बाराशे माणसांच्या हजेऱ्या लिहिल्या. कोण कुठल्या पाळीला कामावर आहे ते तोंडपाठ सांगायचो. आणि तुला लिहून कळवलं, 'घरीच असते'. मला फार लाज वाटते, रुचा. तिला मी जगवायला निघालो होतो.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. गोड बोलायला तोंड नाही.

सुमंतकाका


देवळाली प्रवरा
१७ जानेवारी

रुचाबाळ,

हे कुट्टी करायला गेलेत आणि रंगुबाई पहाऱ्यावर बसलीय, तेवढ्यात लिहून घेते. माझी तब्येत बरी आहे. काळजी करू नकोस आणि यांना आणखी बोलू नकोस. आधीच पुष्कळ बोलणी खाऊन झालीत, निम्मी तुझी आणि निम्मी स्वतःचीच.

तुला एक सांगायचंय. तक्ता मला पुरत नाही, हे मला पहिल्या चार दिवसांतच कळलं होतं. डेअरीतून येताना पाय लटपटायचे. भाकरीची दुरडी माझ्याच हाताशी होती, तिला कुणी कुलूप लावलं नव्हतं. मग खाल्लं का नाहीस, असं तू विचारशील. तू हुशार आहेस, पण हे तुझ्या पुस्तकात नसेल.

माझ्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. आई होती तोवर माहेरी गेले की ती माझं ताट वाढायची. ती गेल्यापासून माझ्यापुढे कुणी ताट ठेवलं नाही. सगळ्यांचं झालं की मी आपली पातेल्यातच कालवून घ्यायची, म्हणजे एक भांडं कमी. त्याचं काही वाटतही नव्हतं. पण आता हा माणूस माझ्यासमोर मांडी घालून बसतो. भाकरीचा तुकडा काट्यावर ठेवतो, चष्मा वर करून आकडा बघतो, मीठ वाढतो, लिंबाची फोड पिळून देतो, ताक गार आहे का ते बोट लावून बघतो. मी उठले तर रागावतो, 'सरू, बस.' मला पहिल्या दिवशी रडू आलं, ठसका लागल्याचं सोंग केलं.

मी जास्त मागितलं असतं तर यांना वाटलं असतं तक्ता चुकला. तक्ता गेला की काटा गेला, आणि काटा गेला की वाढणं गेलं. म्हणून गप्प राहिले. भूक काय, सहन होते. वेडी म्हण मला हवं तर.

आता मी भीत होते तेच झालंय. काटा माळ्यावर टाकला. परवा यांनी माझ्यापुढे हात जोडले, म्हणाले, 'सरू, माझं चुकलं, यापुढे तुझं तू हवं तेवढं घेऊन जेव, मी मधे पडणार नाही.' झालं. काल मी परत पातेल्यापाशी, एकटी. पोटभर होतं, पण घास गोड लागला नाही.

हे त्यांना सांगू नकोस. त्यांना आणखी वाईट वाटेल. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून लिहिलं.

तुझी,
काकू


नागपूर
२५ जानेवारी २०२५

ती. काका,

तुमची नोंद मिळाली. इतकी नीट नोंद मला शिकलेल्या माणसांकडूनही मिळत नाही.

आधी माझी चूक. तुम्ही 'घरीच असते' लिहिलंत आणि मी बैठ्या बाईचा आकडा उचलून ठेवला. इथे रोज समोर बायका बसतात. 'काही करत नाही, घरीच असते,' असं त्या स्वतःही सांगतात, तेव्हा मी पुढे खोदून विचारते. घरच्या माणसाबद्दल विचारलं नाही. दोन वर्षं काकूच्या हातचं जेवले, पण ती केव्हा जेवते, किती जेवते, हे मी एकदाही बघितलं नाही. त्यामुळे लाज वाटून घ्यायची असेल तर अर्धी मला द्या.

पुरुषाला जास्त लागतं हे खरंच आहे, पण दोघांची मेहनत सारखी असेल तेव्हा. नऊ पाट्या शेण आणि दोन भारे गवत उचलणारी बाई ओसरीवर बसलेल्या पुरुषापेक्षा जास्तच खाणार. लहान चुलीवर दिवसभर हंडे चढवले तर सरपण तिलाच जास्त घालावं लागेल ना. म्हणून नवे आकडे असे: काकूला बावीसशे, गरज पडली तर अधिक. तुम्ही आता काम वाटून घेताय, तरी तुम्हाला दोन हजार पुष्कळ झाले. साखरेसाठी काकूचं गोड आणि साबुदाणा बंद ठेवा, भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी मोकळ्या हाताने. सकाळची चहा-भाकरी कायम. पुढच्या महिन्यात साखर पुन्हा तपासून घ्या. गाईंचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण काकूला विचारून.

आणि शेवटचा नियम, तो सगळ्यात महत्त्वाचा. काट्याची गरज नाही, पण काकूचं ताट दोन्ही वेळा तुम्हीच वाढायचं, समोर बसून, तिचं होईपर्यंत. हे तब्येतीच्या कारणासाठी आहे. कारण विचारू नये.

तुमची,
रुचा


देवळाली प्रवरा
२० फेब्रुवारी २०२५

चि. रुचास अनेक आशीर्वाद.

एक गाय आणि कालवड तुझ्या काकूला विचारून दिली. कुठली द्यायची तेही तिनेच सांगितलं, म्हणून तांबू राहिली आणि माझी लाडकी गेली. रंगुबाई दोन्ही वेळा धारांना येते. शेण आणि डेअरीच्या किटल्या माझ्याकडे आहेत. माझा पट्टा एक भोक आत गेलाय, म्हणजे काटा खराब नव्हता. काकूची साखर परवा तपासली, काठावरच आहे, चढलेली नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या. वजन पन्नासवर आलंय. ताटांवरचे आकडे खोडायला राहुरीला नेली होती, नाव घालणारा म्हणतो, "खोडलं का पत्रा जाईल, काका." तशीच ठेवली. आता काकूच्या ताटात मी जेवतो आणि माझ्या ताटात ती.

तुझ्या शेवटच्या नियमाचं. कारण विचारलं नाही. पण पत्र आलं त्या दिवशी मी ताट वाढायला बसलो आणि माझी पंचाईत झाली. काटा नव्हता, तक्त्याचा भरवसा मला उरला नव्हता, आणि तिला किती लागतं हे मला ठाऊक नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, "तुम्हीच वाढा." मग मी वाढत गेलो. एक भाकरी झाली, दुसरी झाली. तिसरी अर्धी मोडून ठेवली, तर तिने नुसतं ताटाकडे बघितलं. उरलेली अर्धीही वाढली. तीही संपली. मग थोडा भात, वर ताक. शेवटी तिने बोटाने ताट पुसलं, भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटले. मी घाबरलो. जवळ गेलो तर कळलं, तिला बरं वाटत होतं.

रुचा, अडतीस वर्षं एका घरात राहून माझ्या बायकोचा चेहरा पोट भरल्यावर कसा दिसतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

तुझा,
सुमंतकाका